फुकट आणि मोकळं

मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ-दहा झाले असतील. ओटा आवरून हात पुसत होते, तेवढ्यात पुतणी दारात उभी. धाकट्या जावेची लेक, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तोंड एवढंसं झालेलं, छातीशी लॅपटॉप धरलेला. म्हणाली, "काकू, सगळं गेलं."

मला वाटलं, पाकीट हरवलं की काय! तिनं लॅपटॉप उघडून दाखवला. फायलींची नावंच बदललेली. एकही उघडेना. पडद्यावर इंग्रजीत एक चिठ्ठी, फायली परत हव्या असतील तर डॉलरमध्ये पैसे भरा म्हणून! घराला कुणी बाहेरून कुलूप घालावं आणि किल्लीसाठी पैसे मागावेत, तसला प्रकार.

तिचा प्रकल्प होता गावातल्या बचत गटांच्या कर्जफेडीवर. चाळीस बायकांच्या घरी जाऊन तिनं फॉर्म भरून आणले होते. ओळखी मीच करून दिल्या होत्या, म्हणून मला त्या कामाची किंमत ठाऊक. कुणी दुपारी शेतावर, कुणी संध्याकाळी स्वयंपाकात. चार-चार हेलपाटे घातले होते पोरीनं. त्याचे तक्ते, वीस पानांचा अहवाल, सगळं त्या लॅपटॉपमध्ये. आणि प्रकल्प द्यायचा होता चार दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर मीही कॉलेजात गेले. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मॅडमनी शांतपणे एकेक विचारायला सुरुवात केली. लॅपटॉप कुठून घेतला? सेकंडहँड, बाजारातल्या दुकानातून. त्यात लिहायचं आणि तक्त्यांचं सॉफ्टवेअर कुणी घातलं? दुकानातल्याच मुलानं, सहाशे रुपये घेऊन. बिल? बिल नाही. महिन्याभरात पडद्यावर लाल पट्टी यायला लागली, तेव्हा काय केलंस? पुन्हा दुकानात गेले. त्यानं पेनड्राइव्हवरून एक फाईल दिली आणि सांगितलं, अँटिव्हायरस बंद कर नि मग ही चालव.

मॅडम म्हणाल्या, "बहुतेक तिथूनच शिरलं. राखणदाराला आपणच सुट्टी दिली, तर चोर येणारच."

आणि मग त्या जे बोलल्या, ते ऐकून मला राग यावा की रडू यावं, कळेना. "अगं, पण तू पैसे दिलेसच कशाला? कॉलेजच्या ईमेलवर हे सगळं तुम्हाला फुकट मिळतं की!"

पुतणी माझ्याकडे बघायला लागली. कॉलेजचा ईमेल? तो कुठला? चौकशी केली तर कळलं, कॉलेजनं प्रत्येक विद्यार्थ्याचं खातं दीड वर्षापूर्वीच उघडलंय. नाव आणि पासवर्ड लिहिलेल्या चिठ्ठ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये गठ्ठा बांधून ठेवल्यात. कुणी मागितल्या नाहीत म्हणून कुणी दिल्या नाहीत. आणि कुणाला माहीतच नाही, तर मागणार कोण?

मैत्रिणींनो, ते सहाशे रुपये माझ्या जावेच्या शिलाईचे होते. चार ब्लाऊजची शिलाई. पाठ धरून येईपर्यंत मशीन चालवून मिळवलेली. आणि वस्तू कुठली, तर जी तिच्या लेकीला हक्कानं फुकट मिळत होती!

घरी येताना रिक्षात पुतणी गप्प होती. मग हळूच म्हणाली, "काकू, म्हणजे मी चोरीचं वापरत होते का?"

काय उत्तर द्यावं? "सगळेच वापरतात गं," असं म्हणून विषय उडवता आला असता. पण खोटं कशाला बोलायचं? म्हटलं, "हो बाळा, चोरीचंच होतं. तुला माहीत नव्हतं, हे खरं. पण बिल नाही म्हटल्यावर आपल्याला शंका यायला हवी होती." आणि हे बोलताना माझीच जीभ अडखळली. कारण आमच्या महिला मंडळाच्या खोलीत जो जुना कॉम्प्युटर आहे, त्यावरही तसलंच 'घालून घेतलेलं' सॉफ्टवेअर होतं. ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात मी माईकवरून सांगते, बायांनो, साधी पावडरची डबी घेतली तरी पावती मागा! आणि स्वतः मात्र... असो.

एक बरं झालं, पुतणीनं चाळीस बायकांचे कागदी फॉर्म जपून ठेवले होते. म्हणजे नव्यानं सगळं भरता येणार होतं. प्रश्न होता, कशात भरायचं? मॅडमनी तीन वाटा सांगितल्या होत्या. त्याच मी इथं सांगणार आहे. कारण जून उजाडला की आपल्यापैकी कितीतरी जणींच्या मुली-मुलं कॉलेजात जातात, आणि लॅपटॉपबरोबर हा खर्च येतोच.

पहिली वाट कॉलेजातून जाते. मायक्रोसॉफ्ट कंपनीची 'ऑफिस ३६५'ची एक योजना शिक्षणसंस्थांसाठी विनामूल्य आहे. त्यात वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट इंटरनेटवरून वापरता येतं. मात्र संस्थेनं आधी नोंदणी केलेली हवी आणि विद्यार्थ्याकडे संस्थेचा ईमेल हवा. म्हणून तो ड्रॉवरमधला गठ्ठा महत्त्वाचा! एक गोष्ट ध्यानात ठेवायची. हे हॉस्टेलच्या खोलीसारखं आहे. शिकताय तोवर तुमचं. कॉलेज सुटलं की खातं बंद होऊ शकतं, म्हणून निघण्याआधी आपल्या फायली काढून घ्यायच्या.

दुसरी वाट गूगलची. साधं जीमेलचं खातं असलं की 'डॉक्स'मध्ये लिहिता येतं आणि 'शीट्स'मध्ये तक्ते करता येतात. कॉलेजचा संबंध नाही. मोबाईलवरही चालतं, त्यामुळे ज्या घरात लॅपटॉपच नाही, तिथल्या मुलीलाही काम करता येतं. चार मैत्रिणी चार घरांत बसून एकाच तक्त्यात भर घालू शकतात. साठवायला १५ जीबी जागा मिळते, पण त्यात ईमेल आणि फोटोही धरलेले असतात. ही वाट सोपी, पण नेटवर अवलंबून. नेट नसताना चालवायची सोय आहे, पण ती आधीच सुरू करून ठेवावी लागते. आमच्याकडे पावसाळ्यात रेंज जाते ती जातेच, तिथं ऐनवेळी काय करणार?

तिसरी वाट मला सगळ्यात आवडली. तिचं नाव लिब्रेऑफिस. हे कॉम्प्युटरवर एकदा उतरवून घ्यायचं, साधारण साडेतीनशे एमबीचं आहे. मग नेट नको, खातं नको, ईमेल नको. त्यात लिहायला 'रायटर', हिशेबाला 'कॅल्क', भाषणाबरोबर पडद्यावर चित्रं-मुद्दे दाखवायला 'इम्प्रेस'. जुन्यापान्या कॉम्प्युटरवरही बऱ्यापैकी चालतं. वर्ड-एक्सेलच्या फायली यात उघडतात, आणि यात केलेलं काम तशा फायलींमध्ये जतनही करता येतं. मेनूवरचे शब्दसुद्धा मराठीत करून घेता येतात.

मी मॅडमना विचारलं, "यात त्यांचा काय फायदा? आपल्याकडे म्हणतात फुकट ते पौष्टिक, पण फुकटात कोण काय देतंय आजकाल?"

त्यांनी सांगितलेली हकिगत ऐकण्यासारखी आहे. जर्मनीत मार्को बोरिस नावाच्या सोळा वर्षांच्या शाळकरी मुलानं १९८५ साली एक कंपनी काढली आणि लिहिण्याचं सॉफ्टवेअर तयार केलं. पुढं त्याचं 'स्टारऑफिस' झालं. १९९९ साली ते अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनं विकत घेतलं, आणि २००० साली त्याची आतली रचनाच जगासमोर उघडी केली. कुणीही बघा, सुधारा, वाटा. त्याचं नाव झालं ओपनऑफिस. २०१० साली सन कंपनीच दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली. तेव्हा काम करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाटलं, मालक बदलला की नियम बदलायला वेळ लागत नाही. म्हणून त्याच वर्षी ते वेगळे झाले आणि त्याच रचनेवरून लिब्रेऑफिस उभं केलं. आज त्यामागं द डॉक्युमेंट फाउंडेशन ही जर्मनीत नोंदलेली संस्था आहे, ती देणग्यांवर चालते. जगभरचे लोक त्यात काम करतात, काही पगारी, काही हौशी.

'लिब्रे' म्हणजे मोकळं, स्वतंत्र. इंग्रजीत फुकटला आणि मोकळ्याला एकच शब्द, म्हणून तिकडे घोटाळा होतो म्हणे. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, हे किती छान! कॉलेजच्या खात्यावर मिळतं ते फुकट. लिब्रेऑफिस मिळतं ते फुकट तर आहेच, शिवाय मोकळंही आहे. कॉलेज सुटलं तरी सुटत नाही. दहा मैत्रिणींना पेनड्राइव्हवर द्या, तो गुन्हा नाही.

मला तर जात्यावरच्या ओव्या आठवल्या. त्या कुणाच्या हो? कुणा एकीच्या नाहीत. कुणीतरी कधीतरी रचली, दुसरीनं आपल्या भावाचं नाव घालून गायली, तिसरीनं एक ओळ जोडली, लेक सासरी गेली तेव्हा ती तिच्याबरोबर दुसऱ्या गावी गेली. कुणी कुणाकडे पावती मागितली नाही, नि कुणी कमी श्रीमंत झालं नाही. मोकळं सॉफ्टवेअर म्हणजे हेच. आपल्याला ते नवं वाटायला नको.

तर त्या रात्री कॅल्क उघडून आम्ही दोघी बसलो. मी फॉर्म वाचायचे, ती भरायची. नाव नाही, फक्त क्रमांक. कर्ज किती, हप्ता किती, थकले किती. मी २००१ साली बी.ए. झाले तेव्हा आमचा प्रकल्प टायपिंगवाल्याकडे पानामागं पैसे देऊन करून घेतला होता. कॉम्प्युटर म्हणजे माझ्या दृष्टीनं अजूनही टाइपरायटरचा धाकटा भाऊ. हिशेब मी वहीतच करते. पण मध्येच एका बाईचा हप्ता चुकून ५०० ऐवजी ५,००० पडलेला मला दिसला. म्हटलं, गेलं! आता खालच्या सगळ्या बेरजा पुन्हा. पुतणीनं त्या चौकटीत ५०० लिहिलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत खालची बेरीज, शेजारची टक्केवारी, सगळं आपोआप बदललं.

मी तिला म्हटलं, थांब, पुन्हा एकदा करून दाखव!

वीस वर्षं मी बचत गटाच्या वह्या तपासतेय. पंधरा बायका, महिन्याला प्रत्येकीचे २००, म्हणजे महिन्याचे ३,००० नि वर्षाचे ३६,०००. एवढं सोपं. पण मध्ये कुणी कर्ज घेतलं, कुणी हप्ता उशिरा भरला की खाडाखोड सुरू. मार्चअखेर म्हणजे डोकेदुखी.

मॅडमना हे सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, या तक्त्याचा जन्मच अशा खाडाखोडीतून झालाय. अमेरिकेत डॅन ब्रिकलिन नावाचा एक विद्यार्थी हार्वर्डला व्यवसायाचं शिक्षण घेत होता. फळ्यावर आकड्यांचा मोठा तक्ता मांडलेला असायचा. एक आकडा चुकला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागायचे. त्याच्या मनात आलं, एक बदलला की बाकीचे आपोआप बदलणारा फळा असता तर? त्यातून १९७९ साली त्यानं आणि बॉब फ्रँकस्टन या मित्रानं 'व्हिसिकॅल्क' बाजारात आणलं. या कल्पनेचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. म्हणून पुढं ती कुणालाही वापरता आली. म्हणजे बघा, हे साधन एका विद्यार्थ्याच्या गरजेतूनच जन्मलं, आणि आज आमच्या विद्यार्थिनीनं ते चोरून वापरावं?

आता थोडं खबरदारीचं. कारण नुसतं गुणगान केलं तर तुम्ही उद्या मलाच बोल लावाल.

लिब्रेऑफिस घ्यायचं ते त्याच्या स्वतःच्या साइटवरून, लिब्रेऑफिस डॉट ऑर्गवरून. गावात कुणी 'घालून देतो' म्हणाला तर त्याच्या मेहनतीचे पैसे खुशाल द्या, पण सॉफ्टवेअरचे म्हणून देऊ नका, आणि अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं तर तिथंच थांबा.

यात लिहिलेली फाईल दुसऱ्याच्या वर्डमध्ये उघडली तर कधी कधी पानाची मांडणी हलते. म्हणून कॉलेजात द्यायची ती पीडीएफ करून द्यायची. ती सोय रायटरमध्येच आहे.

मराठी लिहायचं तर युनिकोडमध्येच. टायपिंगच्या दुकानातल्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर भलत्याच अक्षरांत दिसतं. आमच्या मंडळाचा एक अहवाल तसाच वाया गेलाय.

नोकरीच्या जाहिरातीत 'एक्सेल येणं आवश्यक' असतं, मग कॅल्क शिकून काय उपयोग? हा प्रश्न माझ्या जावेनं विचारला, आणि तो बरोबर आहे. बेरीज, सरासरी, टक्केवारी, क्रम लावणं, आलेख काढणं हे दोन्हीकडे जवळजवळ सारखंच आहे. एकीकडे हात बसला की दुसरीकडे दोन-चार दिवसांत बसतो. शेजारणीच्या स्वयंपाकघरात गेल्यावर डबे शोधावे लागतात, भाजी करायला पुन्हा शिकावं लागत नाही, तसं. मात्र काही अवघड, स्वयंचलित कामं एकातून दुसऱ्यात जशीच्या तशी जात नाहीत. कॉलेजची प्रात्यक्षिक परीक्षा एक्सेलवर असेल तर कॉलेजच्या खात्यावर तेही हाताखालून घालायचं. घरचं काम मोकळ्यावर, परीक्षेचा सराव फुकटावर. दोन्ही सरळ मार्गानं.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. कामाची एक प्रत वेगळ्या जागी ठेवायचीच. पेनड्राइव्हवर ठेवा आणि तो लॅपटॉपला सतत लावून ठेवू नका, नाहीतर स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. दागिने सगळे एकाच डब्यात आपण ठेवतो का?

पुतणीचा प्रकल्प वेळेत गेला. दोन रात्री जागलो आम्ही. जुन्या फायली काही परत मिळाल्या नाहीत. पैसे आम्ही भरले नाहीत, लॅपटॉप पुसून पुन्हा पहिल्यापासून तयार करून घेतला. दुकानात मीही गेले होते. तो मुलगा म्हणाला, "ताई, सगळेच असंच घेतात. कुणी विचारत नाही." तो उद्धट नव्हता, बिचारा खरंच बोलत होता. कुणी विचारत नाही, हेच तर दुखणं आहे.

म्हणून आम्ही विचारायला सुरुवात केली. मंडळाच्या सहा जणी कॉलेजच्या प्राचार्यांना भेटलो. भांडायला नाही, विनंती करायला. ड्रॉवरमधल्या चिठ्ठ्या आठवड्याभरात वाटल्या गेल्या. प्रवेशाच्या वेळी माहितीपत्रकात दोन ओळी घालायचं त्यांनी कबूल केलंय. मंडळाच्या कॉम्प्युटरवरचं ते 'घालून घेतलेलं' काढून टाकलं, लिब्रेऑफिस घेतलं. आता शनिवारी दुपारी पुतणी आणि तिच्या दोन मैत्रिणी गटाच्या बायकांना कॅल्क शिकवतात. पासष्टीच्या एक आजी पहिल्या दिवशी माउसला हात लावायला घाबरत होत्या. परवा त्यांनी आपल्या गटाची बेरीज स्वतः काढली आणि वहीतल्या बेरजेशी ताडून बघितली. वहीतली चुकली होती!

आपल्याकडे मुलीच्या शिक्षणाला पैसा कमी पडतो, हे खरंच आहे. पण कधी कधी पैसा कमी पडत नाही, माहिती कमी पडते. आणि ज्याच्याजवळ ती असते, त्याला वाटतं, ज्याला हवी तो येईल विचारत. आमच्या मुली विचारत नाहीत. ऑफिसच्या खिडकीशी उभं राहायलाच त्या बिचकतात. मग निदान आपण विचारू या.

यंदा प्रवेश घ्यायला लेकीबरोबर जाल, तेव्हा फी भरून झाल्यावर खिडकीतून लगेच मागं फिरू नका. कारकुनाला एवढंच विचारा, "कॉलेजचा ईमेल आहे का? तो कधी मिळणार? त्यावर काय काय फुकट मिळतं?" कदाचित तो ड्रॉवर उघडेल. नाही उघडला, तर लिब्रेऑफिस आहेच, त्याला कुणाचा ड्रॉवर लागत नाही.

माझी जाऊ आता म्हणते, त्या सहाशे रुपयांत लेकीला चांगलीशी बॅग आली असती. मी म्हणते, जाऊ दे गं, बॅग पुढच्या महिन्यात घेऊ. पावती मात्र मागून घेऊ!